येळवशीला मोजलेली कुलपं

एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. रत्नागिरीजवळच्या आमच्या शाळेत बसून मुलांना सहारा दाखवला, सैबेरिया दाखवला, ॲमेझॉनच्या खोऱ्यात तर दर जूनमध्ये नेऊन आणलं. मी स्वतः मात्र कोल्हापूरच्या पलीकडे गेलेलो नव्हतो. भूगोलाला प्रवास लागत नाही, नकाशा लागतो, असं माझं मत होतं. निवृत्त होईपर्यंत ते कुणी विचारलं नाही, म्हणून टिकलं.

त्यात एका धड्यावर माझा फार जीव. लोकसंख्येचं वितरण. त्याचं सार मी मुलांकडून पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचो: पाऊस तिथे पीक, पीक तिथे माणूस. मग फळ्यावर महाराष्ट्र काढायचो, कोकणावर खडूने ठिपकेच ठिपके मारायचो आणि मराठवाड्यावर चारदोन टाकून हात झटकायचो. धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होतं. त्याच्या वाट्याला दोन ठिपके यायचे, तेही खडू संपत आला नसेल तर.

पुढे माझ्याच मुलीने त्या दोन ठिपक्यांपैकी एकात जाऊन राहायचं ठरवलं.

अनुजा पुण्याला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथेच तिच्यासोबत शिवराज नावाचा मुलगा होता. तो नोकरी सोडून उमरग्याजवळच्या आपल्या गावी शेती करायला परत गेला, आणि हिला त्याच्याशी लग्न करून त्याच गावात राहायचं होतं, उमरग्यात मातीची प्रयोगशाळा काढायची होती. मुलगा वाईट नव्हता. गणपतीत आमच्याकडे आला तेव्हा तेरा मोदक खाल्ले आणि चौदाव्याला लाजला. माझा आक्षेप मुलावर नव्हता, पर्जन्यमानावर होता.

"जिथे प्यायला पाणी नाही आणि बोलायला माणूस नाही, तिथे मी मुलगी देणार नाही," असं मी सांगून टाकलं.

"तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही करणार," अनुजा म्हणाली. "पण मग दुसरं स्थळही आणू नका. आणि नाही म्हणायच्या आधी एकदा बघून या. पौष लागायच्या आत काय ते सांगा."

पोरगी माझ्यावरच गेली आहे, शब्दाला पक्की. ती लग्नाशिवाय राहील म्हणाली म्हणजे राहील, हे मला ठाऊक होतं आणि त्याने माझी झोप उडाली होती. शेवटी जायचं ठरवलं, पण गुपचूप. सोयरिकीची चौकशी सांगून केली की पोहे मिळतात, माहिती मिळत नाही. अनुजाला म्हणालो, कोल्हापूरला जुन्या शिक्षकांचा मेळावा आहे. खरं ते फक्त शालिनीला, म्हणजे बायकोला सांगितलं. तिने पिशवीत लाडू, कानटोपी आणि छत्री भरली.

"अहो, थेट त्या गावात नका जाऊ," ती म्हणाली. "दोन दिवस जिल्हा बघा आणि अमावास्येला सकाळी तिथे पोचा."

"अमावास्येलाच का?"

"तोवर थंडी ओसरेल."

डिसेंबरात थंडी ओसरत नाही, हे मला एस्टीत बसल्यावर सुचलं.

येडशी

उतरलो तो वाळवंटाच्या तयारीने. डोक्याला रुमाल, पिशवीत पाण्याच्या तीन बाटल्या. आणि पाहतो तर समोर झाडी. येडशीजवळ रामलिंगाचं देऊळ आहे, ते दरीत, ओढ्याच्या काठी, भोवती अभयारण्य. पायऱ्या उतरताना थंडगार सावली. माझ्या शाळेतल्या नकाशात या जागी पिवळा रंग होता. मी थोडा वेळ रागावून उभा राहिलो, कुणावर ते कळलं नाही.

तेवढ्यात एका माकडाने माझी छत्री पळवली. झाडावर चढून त्याने ती चावून पाहिली, दांड्याची कळ दाबली गेली आणि छत्री फाडकन उघडली. माकडाने असला प्रकार जन्मात पाहिला नसावा. छत्री टाकून ते जे पळालं ते पलीकडच्या डोंगरालाच दिसलं. बेलफुलं विकणाऱ्या मावशींनी छत्री उचलून मला दिली.

"दादा, छत्री कशापायी आनली?"

"सवय आहे. कोकणातला आहे मी."

"मग पावसाळ्यात यायचं की," त्या म्हणाल्या. आणि थोडा विचार करून पुढे म्हणाल्या, "तवा बी लागंलच असं न्हाय म्हना."

येडशीहून येरमाळ्याकडे जाताना बसच्या खिडकीतून गावं पाहत होतो. आमच्याकडे घरं म्हणजे उधळलेल्या अक्षता. एक इथे माडाखाली, दुसरं ओढ्यापलीकडे, तिसऱ्याला हाक मारायची तर छाती लागते. इथे अख्खं गाव एका मुठीत. घराला घर चिकटलेलं, आणि गाव संपलं की मैल दोन मैल नुसती शेतं, त्यात एक घर नाही. कारण सोपं आहे. आमच्याकडे कुठेही खणा, विहिरीला पाणी लागतं, म्हणून माणूस कुठेही घर बांधतो. इथे जिथे झरा लागला तिथेच पूर्वजांनी मुक्काम टाकला, एकमेकांना धरून. हे मी शिकवलेलं होतं. पाहिलं पहिल्यांदा.

भूम

भूमकडचा भाग माळरानाचा आहे. तिथे रस्त्याकडेला एक खव्याची भट्टी दिसली. मोठ्या कढईत दूध आटत होतं आणि एक गृहस्थ लांब दांड्याच्या उलथन्याने ते ढवळत होते. मी वही काढली, आपण भूगोलाचा अभ्यास करतो आहोत असं सांगितलं आणि विचारलं, या भागात खव्याचा धंदा एवढा का वाढला?

त्यांनी पायाने जमीन उकरून दाखवली. "ही बगा. चार बोटं माती, खाली मुरूम. पीक काय यायचं हितं? गवत येतं. गवत म्हशीला, म्हशीचं दूध कढईत. दुसरं काय करावं मानसानं?"

या विषयाला मी सहा तास घेत असे. मी वही मिटली आणि पाव किलो खवा घेऊन तिथेच उभ्याने खाल्ला. पुढचा बसप्रवास मी गाळतो आहे, त्याचं कारण वाचकांनी विचारू नये.

उमरगा

उमरग्याला पोचलो तो अमावास्येच्या आदल्या दिवशी, दुपार कलताना. हमरस्त्यावर हैद्राबादकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग, आणि बाजारात पाय ठेवायला जागा नाही. माणसं भाजी अशी घेत होती की उद्यापासून भाजी बंद होणार आहे. वाटाण्याचे ढीग, हरभऱ्याचे डहाळे, वांगी, गाजरं, चिंचा, बोरं. बायका कोरी मडकी वाजवून घेत होत्या. अर्धी बोलणी मराठीत, अर्धी कानडीत, आणि भाव दोन्हींत एकच.

लॉजवाल्याने किल्ली देतानाच बजावलं. "उद्या जेवायचं काय ते बगून ठेवा सर. सगळं बंद ऱ्हातंय."

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय? अमावस्या हाय की."

खोलीवर जाऊन मी वहीत लिहिलं: 'या भागात अमावास्येला लोक घराबाहेर पडत नाहीत.' वाक्याखाली रेघ मारली. एकतीस वर्षांत मी इतकं चुकीचं वाक्य इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं नव्हतं.

त्यांचं गाव

गावाचं नाव सांगत नाही. सोयरिकीचा मामला आहे.

सकाळी एका रिक्षावाल्याने मला फाट्यावर सोडलं. तोही घाईत होता, वळून पाहीपर्यंत गेला. गावात शिरलो. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. अख्ख्या आळीला कुलूप. किराणा दुकान बंद, गिरणी बंद, पारावर कुणी नाही, शाळेलाही कुलूप. मारुतीचं देऊळ तेवढं उघडं, आणि आत मारुती एकटा. लोक घराबाहेर पडत नाहीत म्हणावं, तर कुलूप बाहेरून होतं.

मी सवयीप्रमाणे वही काढली आणि मोजायला लागलो. एकशे सहा दारं, एकशे तीन कुलपं. उरलेली तीन दारं गोठ्यांची.

खोटं कशाला सांगू, आधी थोडं बरं वाटलं, की बघा, माझा धडा बरोबर निघाला. पाऊस नाही, पीक नाही, माणूस नाही. पण मग डोळ्यांसमोर अनुजा आली, या कुलपांमधून एकटी घागर घेऊन चाललेली. मी पारावर बसलो आणि घरी फोन लावला.

"शालिनी, गाव ओस पडलंय. इथे चिटपाखरू नाही. सगळे देशोधडीला लागलेले दिसतात. मी अनुजाला नाही म्हणून कळवतो."

"थांबा," शालिनी म्हणाली. "अंगणं कशी आहेत?"

"अंगणांचं काय?"

"सारवलेली आहेत का?"

मी पाहिलं. "आहेत."

"रांगोळी?"

"आहे. ताजी दिसते."

"गेलेली माणसं जाताना अंगण सारवून जातात होय? आपल्या वाडीत नऊ घरांना कुलूप आहे, एक तरी अंगण असं आहे का? तिथे गुडघाभर गवत वाढलंय. कुणाला तरी विचारा आधी."

"कुणाला विचारू? मारुतीला?"

फोन ठेवला तोच फटफटीचा आवाज आला. पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले, डोक्याला पटका, अंगात कोरा सदरा. मला पाहून त्यांना नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

"रामराम. म्या मल्लू. मीठ इसरलंय घरी, न्यायला आलाव. तुमी कोन म्हनायचं?"

"मी भूगोलाचा सर्व्हे करतोय," मी म्हणालो. "लोकसंख्या आणि शेती. पण गावात लोकसंख्याच नाही."

"ती रानात हाय," मल्लूकाका म्हणाले. "आज येळवस हाय न्हवं? येळवशीला गावात कोन ऱ्हातंय? बसा मागं. छत्री आडवी धरा."

रानात

मराठवाड्याच्या या कोपऱ्यात मार्गशीर्षातल्या अमावास्येला वेळ अमावस्या म्हणतात, बोलीत येळवस. त्या दिवशी अख्खं गाव आपापल्या शेतात जाऊन काळ्या आईची पूजा करतं आणि दिवसभर तिथेच जेवतं. ज्याला शेत नाही, त्या मास्तराला, तलाठ्याला, डॉक्टरला कुणीतरी बोलावतंच. शहरंसुद्धा ओस पडतात. हे मला कुठल्या नकाशात दिसणार होतं?

फटफटी एका उंच बांधावर थांबली आणि मी समोर पाहिलं. दूरवर सपाट काळं रान, त्यात ज्वारी, हरभरा, करडई, तूर. आणि प्रत्येक शेतात कडब्याची एकेक छोटी खोप, तिच्याभोवती पंधरावीस माणसं, पोरंबाळं, झाडाला टांगलेले झोके, चुलीचा धूर. क्षितिजापर्यंत. मी आयुष्यभर फळ्यावर मारायचे चुकवलेले ठिपके सगळे इथे येऊन बसले होते.

मल्लूकाकांनी मला एका खोपीपाशी नेलं. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, पांडव म्हणून मांडलेले, पुढे नैवेद्य. "हे आमचे थोरले बंधू. अप्पा म्हनत्यात," त्यांनी ओळख करून दिली. अप्पा म्हणजे साठीचे, शिडशिडीत, कपाळाला भस्म, बोलण्याआधी दोन क्षण थांबणारे. शेजारी त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे अव्वा म्हणत होते. पाचव्या मिनिटाला माझ्या ध्यानात आलं की हे शिवराजचेच आईवडील. नाक तेच, बसायची पद्धत तीच. नशीब कसं बघा, म्हटलं, नेमक्या याच शेतात येऊन पडलो. शिवराज कुठे दिसत नव्हता, हेही बरंच झालं. तो मला ओळखून बसला असता.

"सर्वे करा," अव्वा म्हणाल्या, "पर आदी जेवा."

येळवशीचं जेवण साधं नसतं. भज्जी म्हणजे वाटाणा, हरभरा, तुरीचे दाणे, पालेभाज्या आणि मिळेल ते सगळं बेसनात शिजवलेलं. बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, भाकरी, गव्हाची खीर. आणि आंबील. ताकात ज्वारीचं पीठ, लसूण घालून मडक्यात मुरवलेलं. आंबिलीचा पहिला पेला संपेपर्यंत दुसरा भरलेला असतो. आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटलं की वाढणारा थांबतो. इथे नको म्हणजे चव आवडली अशी समजूत आहे.

मी खात खात प्रश्न विचारत होतो.

"कुटुंबात माणसं किती?"

"रोजची का आजची?" अप्पांनी विचारलं.

"रोजची."

"सात. आजची मोजाया लागली तर तुमची वही संपंल."

"पाणी किती दिवसाआड येतं?" हा माझा खरा प्रश्न. त्यासाठी मी घाट चढून आलो होतो. हातातला उंडा खाली ठेवून मी अप्पांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

अप्पा नेहमीपेक्षा जास्त थांबले. अव्वांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "उन्हाळ्यात चार-पाच दिसाआड. मागं एक साल लई वंगाळ आलतं, टँकरवर काढलं. पुन्ना येनार न्हाय असं न्हाय. खोटं कशाला बोलावं?"

सोयरिकीत मी एवढं खरं उत्तर ऐकलं नव्हतं. पण मास्तर आडवा आला. म्हणालो, "आमच्या कोकणात बघा, चार महिने पाऊस थांबत नाही. चुलीतलं लाकूड ओलं, अंथरूण ओलं, माणूस ओला."

"मग उन्हाळ्यात तर चंगळच असंल."

मी आंबिलीचा घोट घेतला. खरेपणाची सवय संसर्गजन्य असते. "मे महिन्यात आमच्याही वाडीत टँकर येतो," मी म्हणालो.

"आं? मग एवढा पाऊस जातो कुठं?"

"समुद्रात."

"समदा?"

"समदा."

अप्पांना माझी फार दया आली. त्यांनी माझा पेला स्वतःच्या हाताने भरला.

याच वेळी मला एक विलक्षण गोष्ट दिसली. अव्वांनी एक ताट भरलं, त्यावर लिंबू पिळलं आणि मल्लूकाका ते घेऊन उभ्या ज्वारीत शिरले. ज्वारी माणसाच्या डोक्याएवढी होती, काका दिसेनासे झाले. परत आले तेव्हा ताट रिकामं. अर्ध्या तासाने पुन्हा ताट गेलं, सोबत आंबिलीचा तांब्या. मग दोन वाट्या खीर.

"हे काय?" मी विचारलं.

अप्पा आभाळाकडे पाहायला लागले. अव्वांनी पदर तोंडावर घेतला. "ते... निवद असतोय," मल्लूकाका म्हणाले. "ज्वारीच्या देवाला."

मी भराभर लिहून घेतलं. ती वही माझ्यापाशी आहे. त्यात लिहिलं आहे: 'ज्वारीच्या देवाला दिवसातून तीनदा नैवेद्य. भज्जीवर लिंबू आवश्यक. देव खीर दोनदा घेतो. चमचा लागतो.'

जेवणानंतर सगळे आडवे झाले. आंबील डोळ्यांवर येते. मीही चिंचेखाली कलंडलो, पण झोप येईना. वर आभाळ निळं, ढगाचा ठिपका नाही, आणि मनात एकच: काय सांगायचं अनुजाला? माणसं तर आवडली होती, जीव लावणारी होती. पण माणसं येळवशीपुरती असतात, पाण्याचा प्रश्न वर्षभर असतो. मी उठलो, तांब्यात आंबील ओतली आणि विचार केला, आपणही त्या देवाला एकदा विचारून पाहू. एकतीस वर्षं देव मानला नव्हता. मुलीचा बाप झालं की माणूस ज्वारीलाही नमस्कार करतो.

ज्वारीत दहा पावलं गेलो. आत थोडी जागा मोकळी केलेली होती, कांबळं अंथरलेलं होतं आणि त्यावर ज्वारीचा देव मांडी घालून बसला होता. गालात उंडा.

"नमस्कार सर," शिवराज म्हणाला, पण उंड्यातून.

तो उठायला लागला. मी म्हणालो, "बस, बस. आधी गिळ."

मग मीही कांबळ्यावर बसलो. काय करणार? रागवावं का हसावं ते ठरत नव्हतं.

"सकाळपासून इथे आहेस?"

"सातपासून. अनुजानं सांगितलंय समोर जायचं न्हाय म्हणून. तुम्ही चोरून येताय, तर तुम्हाला चोरूनच बघू द्या, न्हायतर बाबा रुसतील, म्हणाली."

"तिला कुणी सांगितलं?"

"काकूंनी."

शालिनीने. जिने अमावास्येचा मुहूर्त काढला, आणि मघाशी फोनवर अंगणाची चौकशी केली. म्हणजे कोल्हापूरच्या मेळाव्यावर विश्वास ठेवणारा या जगात मी एकटा होतो. आणि मल्लूकाकांचं मीठ घरी राहिलेलंच नव्हतं.

मी तांब्या त्याच्यापुढे केला. "घे. तुझ्यासाठीच आणली, असं समज." तो प्यायला. मग मी मुद्द्यावर आलो. "शिवराज, मला फसवू नकोस. इथे पाऊस शेवटचा कधी झाला?"

"दसऱ्याच्या आधी. त्यानंतर थेंब न्हाय."

"मग ही ज्वारी कशावर उभी आहे?"

कांबळ्याची कड उचलून त्याने हाताने माती उकरली. वरची चार बोटं कोरडी, भेगाळलेली. मग कोपरापर्यंत हात घातला, मूठभर माती काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ती थंड होती. दाबली तर तिचा लाडू झाला.

"पावसाळ्यात जे मिळालं ते ही धरून ठेवते," तो म्हणाला. "ज्वारी तेवढ्यावर येते. अनुजा म्हणते, तुमच्याकडची लाल माती बिचारी चाळणी आहे, तिचा दोष न्हाय."

मला माझ्या घराच्या मागचा उतार आठवला. जुलैत तिथून पाणी असं धावतं की पोरांना धरून ठेवावं लागतं. पाण्याला कुणी धरत नाही. आणि खरं सांगायचं तर पोरांनाही धरता आलं नाही. वाडीतली सगळी त्याच उताराने खाली गेली, मुंबईला.

ती माती मी खिशात घातली. मग दोघे ज्वारीतून बाहेर आलो. बाहेर सगळे जागे होऊन उभेच होते. कुणी हसलं नाही, म्हणजे किती हसू दाबलं असेल याचा अंदाज करा.

"देव भेटला जनू," अप्पा म्हणाले.

"भेटला," मी म्हणालो. "भूक जबर आहे त्याची."

मग मात्र कुणाला आवरेना. मल्लूकाका तर बांधावर बसूनच हसले.

ऊन उतरल्यावर अव्वांनी तीन दगडांवर बोळकं ठेवून दूध तापवायला घेतलं. दूध ज्या दिशेला उतू जाईल, त्या दिशेला पुढच्या साली पीक चांगलं येतं, अशी समजूत. भोवती सगळे जमले. मी उतार शिकवलेला माणूस, माझ्या नजरेतून सुटलं नाही की अव्वांनी बोळक्याच्या उगवतीच्या बाजूला हळूच एक चपटा खडा सरकवला. दूध आलं आणि मावळतीला सांडलं. कोकणाच्या दिशेने.

"पश्चिमेला गेलं हो," अव्वा म्हणाल्या, जसं काही त्यांनाही नवल वाटलं. मग माझ्याजवळ येऊन बसल्या. "सर, दिसभर आमची मोजनी केली. आता तुमचं सांगा. तुमच्या वाडीत मानसं किती?"

"घरं चौदा," मी म्हणालो.

"घरं न्हाय, मानसं."

मी बोटं मोजायला लागलो. पाच उघडी घरं. शेजारचे बापूकाका, त्यांची बायको. वरच्या घरातली दोघं. काशीवहिनी एकट्या. दुसऱ्या हातावर खालच्या घरातले तिघे भाऊ, तिघांपैकी एकाचंही लग्न झालेलं नाही. मग आम्ही दोघं. दहा बोटं पुरली.

"अनुजाला धरून?"

"न धरता," मी म्हणालो. "ती नोकरीला लागल्यापासून पुण्यातच असते."

चौदा घरं, शंभर इंच पाऊस, दहा माणसं. पाऊस तिथे पीक, पीक तिथे माणूस. चाळीस पोरांच्या कित्येक तुकड्यांकडून मी ते म्हणवून घेतलं होतं, आणि म्हणून झाल्यावर ती पोरं दप्तर भरून माझ्यासमोर गाव सोडून गेली होती. मी मात्र फळ्यावर कोकणात ठिपके मारत राहिलो.

अव्वांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग तिला धरा की आमच्यात. आन येळवशीला तुमी दोगं बी हितंच मोजा. येक दिस वाडी ऱ्हाईल तशीच."

मी तिथूनच फोन लावला. अनुजाने पहिल्या घंटीलाच उचलला. "बाबा, कसा झाला मेळावा?" तिने विचारलं. आवाज साधा ठेवायची धडपड मला इतक्या लांबून कळत होती.

"चांगला झाला," मी म्हणालो. "सगळे भेटले. एक जण ज्वारीत सापडला. मी हो म्हणतोय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

घरी

त्याला आता वर्ष झालं. लग्न झालं, प्रयोगशाळेची पाटी लागली, आणि या उन्हाळ्यात तिकडे सहा दिवसाआड पाणी आलं, तेही अप्पांनी स्वतः फोन करून कळवलं. आमच्याकडे नेहमीप्रमाणे मेमध्ये टँकर आला. मी टँकरवाल्याला काळ्या मातीचे गुण सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि नळी लवकर गुंडाळली.

परवा येळवस आहे. आज पहाटे शालिनीने अंगण सारवलं, रांगोळी घातली, आणि मी दाराला कुलूप लावलं. चौदातलं दहावं. बापूकाका दगडी गडग्यावरून बघत होते, त्यांना सांगितलं, चार दिवसांत येतो. एस्टीत बसल्यावर मनात आलं, एखादा भूगोलाचा मास्तर वही घेऊन आमच्या वाडीत यायचा आणि कुलपं मोजून 'ओस' म्हणून लिहून टाकायचा. लिहू दे. फक्त कुणीतरी त्याला आमचं अंगण दाखवा.